मशीन उघडण्याआधी: घरच्या शिलाई मशीनच्या देखभालीची तयारी

या कामासाठी आधी असा दिवस निवडा, ज्या दिवशी कुणालाही काही शिवून द्यायचं नाही. उद्या कपडा हवाय म्हणून आज रात्री मशीन उघडलं, की हात घाईने चालतात आणि नको तो स्क्रू फिरवून बसतात. पहिल्यांदाच करणार असाल तर दोन-अडीच तास मोकळे ठेवा. सवय झाली की साफसफाई आणि तेल घालणं अर्ध्या तासात उरकतं. भरपूर उजेड येतो तिथे टेबल लावा आणि त्यावर पांढरी जुनी चादर अंथरा. चादरीवर स्क्रू गडगडत जात नाही, पडला तरी लगेच दिसतो. शेजारी बर्फाचा रिकामा ट्रे ठेवा. पहिला काढलेला भाग पहिल्या खणात, दुसरा दुसऱ्यात, या क्रमाने भरत गेलात की बसवताना उलट्या क्रमाने यायचं, एवढंच लक्षात ठेवावं लागतं. मोबाइल हाताशी असू द्या आणि प्रत्येक भाग काढण्याआधी दोन फोटो घ्या, एक जवळून, एक जरा लांबून. जवळच्या फोटोत भाग दिसतो, पण तो कुठे बसतो हे लांबच्यातूनच कळतं.

साधनांकडे वळण्याआधी एक कागद घ्या आणि मशीनची तक्रार लिहून काढा. ‘नीट चालत नाही’ एवढ्याने भागत नाही. टाके सुटतात, म्हणजे मधे मधे पडतच नाहीत, की दोरा तुटतो? तुटतो तो वरचा की बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा? गुंता कापडाच्या वर होतो की खाली? सगळ्या कापडांवर होतो की फक्त ताणल्या जाणाऱ्या कापडावर? आवाज बदललाय का, कधीपासून? बिघडलेल्या शिलाईचा वीतभर तुकडा त्या कागदाला टाचून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल. पुष्कळदा लिहिता लिहिताच कारण सापडतं. ‘जीन्सचा जाड दुमड शिवल्यापासून’ असं लिहिलं गेलं, की सुई वाकली असणार हे आपलं आपल्याला उमगतं. मशीनची माहितीपुस्तिकाही याच वेळी शोधून ठेवा, कारण तेलाच्या जागा प्रत्येक मशीनच्या वेगळ्या असतात.

आता साधनं. मऊ केसांचा छोटा ब्रश, चिमटा, टॉर्च, सुती फडक्याचे तुकडे, नव्या सुयांचं पाकीट, चांगला दोरा आणि दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर. स्क्रू ड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत घट्ट आणि पूर्ण रुंदीने बसायला हवं. बारीक पात्याने मोठा स्क्रू उघडायला गेलं की खाच झिजते, आणि खाच झिजलेला स्क्रू काढणं हे मूळ दुरुस्तीपेक्षा मोठं काम होऊन बसतं. सुईखालच्या पट्टीचे स्क्रू उघडायला लांब दांड्याचा ड्रायव्हर उपयोगाचा नाही, वर मशीनचं डोकं आडवं येतं. तिथे आखूड, बुटका ड्रायव्हर लागतो.

तेलाबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचं आहे. शिलाई मशीनचं म्हणून मिळणारं पातळ, पाण्यासारखं स्वच्छ तेलच आणा. स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल चालत नाही. ती तेलं हवेने घट्ट होतात, चिकट राळेसारखा थर धरतात आणि काही महिन्यांनी मशीन जाम होतं. गंज सोडवायच्या फवाऱ्यालाही तेल समजू नका. तो अडकलेला स्क्रू सैल करतो, पण फिरणाऱ्या भागाला पुढचे महिनोन्‌महिने लागणारं वंगण त्यातून मिळत नाही. आणखी एक गोष्ट आधी बघून ठेवा: काही नव्या मशीनच्या पुस्तिकेत तेल घालू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांच्या बेअरिंगमध्ये वंगण मुरवलेलं असतं. तसं असेल तर ब्रश आणि फडक्यावर थांबायचं. दातेरी चाकं, विशेषतः प्लास्टिकची, दिसली तर त्यांना तेल घालायचं नसतं, ग्रीस लागतं.

हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण आपण सुईपाशी बोटं घालणार आहोत आणि पायाखाली पेडल आहे. विजेशिवाय, पायाने चालवायचं मशीन असेल तर पट्टा चाकावरून उतरवा.

सुरुवात सुईपासून करायची. कितीही गंभीर बिघाड वाटला तरी सुई बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. एकदा टाके सुटत होते म्हणून मी टेन्शनचा, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या भागांचा, सगळा गट्टा सुटा केला होता. स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली, ती शोधण्यात दुपार गेली, सगळं परत बसवलं आणि टाके तसेच सुटत राहिले. शेवटी सुई काढून काचेवर ठेवली तेव्हा ती वाकलेली दिसली. ही तपासणी सोपी आहे. सुईच्या मुठीची, म्हणजे वरच्या जाड भागाची, सपाट बाजू काचेवर टेकवून डोळ्याच्या पातळीवर आणायची. सुईची दांडी आणि काच यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. टोक बोथट किंवा खरबरीत झालंय का, हे जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून अलगद ओढून कळतं. धागा ओढला गेला तर ती सुई टाकून द्या. साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर सुई बदलावी असं सर्रास सांगितलं जातं, आणि जाड कापड शिवत असाल तर त्याआधीच.

घरगुती मशीनला बहुतेक ठिकाणी १३०/७०५ एच ही सपाट मुठीची सुई लागते. पाकिटावरच्या मापाच्या जोड आकड्यातला मोठा आकडा म्हणजे दांडीची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे ९०/१४ ची सुई ०.९ मिमी जाड. तलम कापडाला ६०/८ किंवा ७०/१०, नेहमीच्या सुतीला ८०/१२ किंवा ९०/१४, जीन्सला १००/१६. ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई घ्या, नाहीतर ती विणीतले धागे कापत जाते. बसवताना सुई अगदी वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. उलटी बसवली तर टाका पडतच नाही. सुईला एका बाजूला लांब खाच असते आणि दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या वर छोटा खळगा. लांब खाच दोरा ओवायच्या बाजूला, खळगा हुकच्या, म्हणजे खाली दोरा पकडणाऱ्या फिरत्या भागाच्या, बाजूला.

हा खळगा कशाला, ते समजून घेतलं की पुढची निम्मी दुरुस्ती डोळ्यांसमोर येते. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि तळाहून दोनेक मिलिमीटर वर येते, तेव्हा कापडाने अडवलेला दोरा मागे फुगून छोटा फास होतो. नेमक्या त्याच क्षणी हुकचं टोक खळग्यातून सरकत त्या फासात शिरतं आणि तो बॉबिनभोवती फिरवून आणतं. वरचा आणि खालचा दोरा असे एकमेकांत अडकतात. एलियस हौ यांनी १८४६ मध्ये टोकाला नेढं असलेल्या सुईच्या या टाक्याचं पेटंट घेतलं, आणि घरातलं मशीन आजही त्याच तत्त्वावर चालतं. सुई वाकली, मापात चुकली किंवा अर्धी सैल राहिली तर हुकला फास सापडत नाही आणि टाका सुटतो. टाके सुटताना सुईवर पहिला संशय घ्यायचा तो यासाठी.

मग दोरा ओवण्याची वाट. कापडाखाली दोऱ्याचं घरटं झालं की सगळे बॉबिनला दोष देतात, पण बहुधा चूक वरच्या दोऱ्याची असते. ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला हवा. तो खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यामध्ये न जाता वरून घसरतो आणि त्याला काहीच ताण बसत नाही. ओवून झाल्यावर फूट खाली करा आणि दोरा ओढून पाहा: आता तो अडखळत, ताणाने यायला हवा. फूट वर केला की सैल. दोन्ही वेळा सारखाच सैल येत असेल तर चकत्यांमध्ये जुन्या दोऱ्याचा तुकडा किंवा तुसं अडकली आहेत. दुमडलेल्या सुती कापडाची कड मध्ये घालून अलगद मागेपुढे करा, सगळं बाहेर येतं. दोराही तपासा. जुना दोरा हाताने हलक्या झटक्यात तुटत असेल तर तो मशीनवर टिकणार नाही.

आता खरी साफसफाई. सुई, फूट आणि सुईखालची पट्टी काढा. खाली दात्यांच्या ओळी दिसतील. ॲलन विल्सन यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती इथे आजही काम करते: दाते वर येतात, कापड मागे नेतात, खाली बुडतात आणि पुढे परततात. या खोबणींमध्ये कापडाची तुसं इतकी दाबून बसतात की नमद्यासारखा घट्ट थर होतो, दाते पुरेसे वर येत नाहीत आणि कापड सरकायचं थांबतं. चिमट्याने तो थर उचला, उरलेलं ब्रशने बाहेर ओढा. तोंडाने फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने गंज धरतो. हवेच्या डब्याने झोतही मारू नका, कारण तुसं आणखी आत जाऊन बसतात. कापड सरकत नसेल तर याआधी टाक्याची लांबी शून्यावर नाही ना आणि दाते खाली घेण्याची कळ चुकून ओढली गेली नाही ना, हे बघून घ्या. दोन्ही चुका फार होतात.

बॉबिन समोरून घालायच्या मशीनमध्ये बॉबिन केस, म्हणजे बॉबिनची डबी, काढल्यावर दोन्ही बाजूंच्या छोट्या कळा उघडतात, वरची कडी निघते आणि अर्धचंद्रासारखा हुक हातात येतो. आतल्या गोल खाचेत अडकलेला दोऱ्याचा एखादा तुकडा खडखडाटाला पुरेसा असतो. बसवताना हुकचा अर्धचंद्र आणि आतला अर्धचंद्र मिळून पूर्ण वर्तुळ झालं पाहिजे. झालं नाही तर चाक फिरणार नाही. तेव्हा जोर करू नका, काढून पुन्हा बसवा. चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं, मागे नाही.

स्वच्छ झालं की तेल. पुस्तिकेतल्या प्रत्येक जागी एक थेंब, धातूला धातू घासतो तिथे. हुक फिरतो त्या खाचेत एक थेंब विसरू नका, शिवताना तोच भाग सगळ्यात जास्त धावतो. मग काढलेले भाग बसवून, प्लग लावून, दोरा न ओवता, फूट वर ठेवून किंवा खाली जाड कापड घालून, मशीन मिनिटभर चालवा. उघड्या दात्यांवर फूट टेकवून चालवू नका, दोन्ही घासतात. पुसून घ्या, चिंधीवर शिवा, डाग पडायचे थांबेपर्यंत शिवत राहा. अनेक वर्षं बंद पडलेलं, जाम झालेलं जुनं लोखंडी मशीन असेल तर केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने जुनं तेल मऊ करा, नवं तेल द्या, रात्रभर ठेवा आणि इथे मात्र चाक हाताने थोडं थोडं मागेपुढे करत सोडवा.

टेन्शन सगळ्यांत शेवटी. वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या रंगाचा दोरा लावा. वरच्या बाजूला खालचा रंग दिसला तर वरचं टेन्शन जास्त आहे, खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याच्या कड्या लोंबल्या तर ते कमी आहे. चाकी ० ते ९ असेल तर ४ च्या आसपास ठेवा आणि एका वेळी अर्धा अंक फिरवा. बॉबिन केसवरचा बारीक स्क्रू शक्यतो हलवू नका. हलवायचाच असेल तर आधी पेनाने खूण करा, चादरीवर धरूनच फिरवा, आणि वळसा पावपेक्षा जास्त नको. कितपत सैल आहे ते बघायला दोऱ्याला धरून केस लोंबकळू द्या: स्थिर राहिली पाहिजे आणि हलक्या झटक्याने थोडीशी खाली घसरली पाहिजे.

पट्टा बोटाने दाबून पाहा, सेंटिमीटरभर झुकला तर ठीक. मोटर फिरते पण सुई हलत नसेल, तर आधी बॉबिन भरायची दांडी उजवीकडेच राहिली आहे का, आणि चाकाच्या मधली मोठी चकती सैल आहे का, ते बघा.

काही कामं तयारीच्या बाहेरची आहेत, आणि ती आधीच ठरवून ठेवा. पेडल न दाबताही गरम होणं, जळका वास, वायरीचं फाटलेलं आवरण, मोटरमधून ठिणग्या: प्लग काढा आणि जाणकाराकडे द्या. हुक आणि सुईची वेळ पूर्ण चुकली असेल तर तेही. मशीन नेताना पहिला लिहिलेला कागद आणि टाचलेला तुकडा सोबत घ्या, म्हणजे तक्रार नेमकी काय आहे हे त्यांना विचारावं लागणार नाही.

नीट झालं असेल तर त्याच कापडावर, त्याच दोऱ्याने नवी शिलाई घाला आणि जुन्या तुकड्याशेजारी टाचा. तारीख, सुईचं माप, टेन्शनचा आकडा आणि तेल कुठे घातलं ते लिहा, आणि कागद मशीनच्या झाकणात ठेवा.