शहामृगे पकडताना आणि ट्रकमधून नेताना या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेतील ओट्सहोर्न आणि त्याभोवतीचा क्लेन कारूचा कोरडा पट्टा दीडशेहून अधिक वर्षे शहामृगपालनासाठी ओळखला जातो. पिसांसाठी वाढलेला हा व्यवसाय आज मुख्यतः कातडे आणि मांस यांवर चालतो, त्यामुळे साधारण वर्षभराचा, सुमारे ९५ किलो वजनाचा पक्षी कत्तलखान्याकडे नेण्यासाठी ट्रकमध्ये चढवावाच लागतो. वाटेत पक्षी जखमी झाला की रस्त्याला किंवा चालकाला दोष दिला जातो. पण त्या दुखापतीचे मूळ अनेकदा ट्रक सुरू होण्यापूर्वीच्या घाईत असते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोठ्या मोकळ्या वाड्यात पाठलाग करून पक्षी पकडणे. ताशी ७० किलोमीटरपर्यंत धावू शकणारा हा प्राणी बिथरला की त्याला तारेचे कुंपण दिसत नाही आणि मोडलेला पाय हा मोठ्या शहामृगासाठी बहुधा मृत्यूच ठरतो, कारण एका पायावर तो उभा राहू शकत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच कळप लहान, भरीव भिंतींच्या आवारात हळूहळू आणून ठेवावा. कुत्री, आरडाओरडा आणि वाऱ्यावर फडफडणारे कापड तिथे नसावे.

डोक्यावर चढवायच्या कापडी टोपीबाबत निष्काळजीपणा फार होतो. लांब आकडीने मान डोक्याच्या लगेच खाली अडकवून डोके हलकेच खाली आणावे, दुसऱ्या हाताच्या कोपरापर्यंत आधीच चढवलेली नळीसारखी टोपी चोच धरून डोक्यावर उलटवावी आणि आकडी लगेच काढून घ्यावी. डोळे झाकले गेले की आतापर्यंत लाथा झाडणारा पक्षी बहुधा शांत होतो. मात्र चोच आणि नाकपुड्या टोपीबाहेरच राहिल्या पाहिजेत. शहामृगाला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकत शरीरातील उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे घट्ट टोपीने चोच बंद झाली तर उन्हाच्या दिवशी तो आतून तापत जातो.

शहामृगाची लाथ पुढे आणि खाली बसते, म्हणून समोर उभे राहणे टाळावे. दोघांनी दोन बाजूंनी पंख अंगालगत, मुळाशी धरावेत आणि तिसऱ्याने मागून आधार द्यावा. पंखाचे टोक, पिसे किंवा मान धरून ओढू नये; नुसत्या ओढाताणीनेही कातड्यावर ओरखडे पडतात आणि त्याची प्रत घसरते. विणीच्या काळातील नर, ज्याची चोच व नडग्या लालसर झालेल्या असतात, त्याच्या जवळ एकट्याने जाऊच नये.

ट्रकचा प्रश्न वेगळा आहे. उंच देह, दोन पाय आणि प्रत्येक पायाला दोनच बोटे असल्याने वळणावर त्याचा तोल पटकन जातो. (महाराष्ट्रात ज्यांनी ईमू वाहून नेले आहेत, त्यांनी तोच अंदाज इथे लावू नये, ईमूला तीन बोटे असतात आणि वजनाने तो निम्म्याहूनही हलका असतो.) गुळगुळीत पत्र्याच्या तळावर रबरी चटई किंवा तत्सम घट्ट पकड देणारा थर हवा. पाय अडकेल अशी फट बाजूंना नसावी आणि आडव्या फळ्यांनी लहान कप्पे केलेले असावेत. गाडी सुरळीत चालू लागली की काही पक्षी खाली बसतात. गर्दी जास्त असेल तर बसलेल्यावर उभे असलेले पाय देतात आणि जागा फार मोकळी असेल तर धक्क्याने सगळेच एकमेकांवर आपटतात. अनोळखी कळपातील पक्षी एकाच कप्प्यात कोंबणे हीसुद्धा भांडणाला आमंत्रण देणारी चूक आहे. कारूतील उन्हाळा लक्षात घेता प्रवास रात्री किंवा पहाटे करावा. अंधारात हे पक्षी अधिक शांत राहतात. पक्षी ट्रकमध्ये चढवण्याच्या वेळेपर्यंत पाणी त्यांच्यासमोर ठेवावे.

वाटेत पक्षी पडला आणि उठत नसेल तर त्याला पाय किंवा पंख धरून उचलू नये. सुरक्षित जागी गाडी थांबवून इतरांना फळीने वेगळे करावे, सावली व हवा मिळू द्यावी आणि थोड्या वेळाने तो स्वतः उठतो का ते पाहावे. पाय मोडलेला दिसत असेल तर त्याला पुढे नेणे क्रूरपणा आहे. पशुवैद्याला बोलावून त्याचे दुःख तिथेच थांबवावे.

सगळे पक्षी स्वतःच्या पायांनी उतरले तरी लक्ष काढून घेऊ नये. पाठलागाने आणि धडपडीने इजा झालेल्या स्नायूंची लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात: पक्षी ताठरून चालतो, वारंवार बसतो, लघवी गडद तपकिरी होते. अशा पक्ष्याला पुन्हा पकडणे टाळून शांत, सावलीच्या जागी ठेवावे, पाणी जवळ द्यावे आणि पशुवैद्याला त्याच दिवशी दाखवावे.