वर्गातल्या मुलाला कांजिण्या निघाल्या आणि बाई गरोदर आहेत

इंदूरच्या शाळांत होळी-रंगपंचमीच्या सुमारास, ऐन वार्षिक परीक्षेच्या दिवसांत, पालकांचा निरोप येतो: ‘मॅडम, बच्चे को माता निकली है.’ वर्गशिक्षिका गरोदर असेल तर त्याच दिवशी कामाला लागायला हवं. अंगावर काही उठतंय का याची वाट बघत बसू नका. पुरळ उठायच्या आधी करता येण्यासारखं बरंच असतं, उठल्यावर त्यातलं निम्मं हातातून गेलेलं असतं.

आधी पालकांना फोन करा. ‘माता’ म्हणजे कांजिण्याही असतात आणि गोवरही, म्हणून पुरळ कसं आहे ते विचारा. पाण्याने भरलेले, खाजणारे फोड वेगवेगळ्या वेळी उठत असतील तर बहुधा कांजिण्या. आधी जोरात ताप, खोकला, लाल डोळे आणि मग चेहऱ्यापासून खाली पसरत गेलेलं सपाट लाल पुरळ असेल तर गोवराची शंका घ्या. गोवरात मुदत आणखी कमी असते: प्रतिकारशक्ती नसलेल्या गरोदर बाईला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. मोबाइलवर फोटो मागवून घेतला तर डॉक्टरांना दाखवायला बरा पडतो.

दुसरा प्रश्न, पहिला फोड कधी दिसला? कांजिण्यांचं मूल पुरळ यायच्या दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवतं, ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. फोड बुधवारी दिसले तर सोमवार-मंगळवारचे तास मोजायचे. एकाच खोलीत 15 मिनिटं किंवा जास्त वेळ, किंवा समोरासमोर बसून वही तपासणं, शिकवणं, हा खरा संपर्क झाला. व्हरांड्यात शेजारून गेलात तर तो सहसा धरत नाहीत. वह्यांना हात लागल्याची धास्ती घेऊ नका, हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो.

मग माहेरी फोन लावा. लहानपणी कांजिण्या नक्की आल्या होत्या किंवा लशीचे दोन डोस झालेत, असं खात्रीने कळलं तर धोका फारच कमी, डॉक्टरांच्या कानावर घातलं की पुरे. ‘आल्या असतील बहुतेक’ एवढ्यावर मात्र विसंबू नका. आपल्याकडे मोठेपणीही कांजिण्या न झालेले लोक थंड देशांपेक्षा जास्त सापडतात, आणि ही लस सरकारी लसीकरणात नाही.

खात्री नसेल तर एक रक्ततपासणी: व्हॅरिसेला झोस्टर आयजीजी, म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात आहेत का ते बघणं. इथे नेहमी एक घोटाळा होतो. लॅबवाले ‘गरोदरपणातली इन्फेक्शन ना?’ म्हणून टॉर्च पॅनल (गरोदरपणातल्या काही संसर्गांच्या तपासण्यांचा संच) करतात. त्यातली हर्पिस सिम्प्लेक्सची तपासणी वेगळ्या विषाणूची असते, तिच्यावरून कांजिण्यांबद्दल काहीच कळत नाही. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून घ्या. रक्त संपर्कानंतर लगेच द्या. तेव्हा आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर संरक्षण जुनंच आहे, काळजी मिटली.

निगेटिव्ह आलं तर तारखा मोजा. समजा, संपर्क 9 मार्चला झाला. व्हॅरिसेला इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन 10 दिवसांत, म्हणजे 19 मार्चपर्यंत घ्यावं लागतं, पण जितकं लवकर तितकं चांगलं. ते महाग असतं आणि दर औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणून रिपोर्टची वाट बघतानाच डॉक्टरांना मागवण्याची चौकशी करायला सांगा. नाहीच मिळालं तर सातव्या दिवसापासून, म्हणजे 16 मार्चपासून, आठवडाभर ॲसायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या देता येतात. ते डॉक्टरांनीच ठरवायचं. कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात चालत नाही.

आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत (17 ते 30 मार्च, इंजेक्शन घेतलं असेल तर 6 एप्रिलपर्यंत) तुमच्याकडून दुसऱ्यांना लागण होऊ शकते. या दिवसांत दवाखान्यात जायचं असेल तर आधी फोन करून सांगा. गरोदर बायकांच्या रांगेत जाऊन बसू नका. शाळेच्या रजेसाठी डॉक्टरांकडून संपर्काची तारीख आणि हे दिवस घातलेलं पत्र घ्या.

एक जरी फोड दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ॲसायक्लोव्हिर पहिल्या 24 तासांत सुरू झालं तर खरा फायदा देतं, नेहमीचा डोस 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस. तापाला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. घरात शीतलामातेचं सगळं पाळतात, कडुलिंबाचा पाला ठेवतात. ते खुशाल पाळा, पण ‘माता उतरेपर्यंत औषध नको’ हे सासूबाईंना प्रेमाने नाही म्हणा. गरोदर बाईला कांजिण्यांतून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. धाप, छातीत दुखणं, गुंगी किंवा फोडांत रक्त दिसलं, तर थेट एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, दारातच कांजिण्यांचं सांगा.

बाळाबद्दल: 20 आठवड्यांच्या आत कांजिण्या झालेल्या शंभर आयांपैकी साधारण एक-दोघींच्या बाळात दोष राहतो. म्हणून आजारानंतर किमान पाच आठवड्यांनी सविस्तर सोनोग्राफी करतात. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत पुरळ उठलं तर नवजात बाळाला लगेच इम्युनोग्लोब्युलिन लागतं, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना आधीच कळवून ठेवा.

आयजीजी निगेटिव्ह होतं आणि कांजिण्या आल्याच नाहीत, तर प्रसूतीनंतर लशीचे दोन डोस घ्या. अंगावर पाजत असलात तरी चालतं. पुढचं मूल मात्र डोसानंतर महिनाभर तरी नको.