फ्लूट गार असतानाच वाजवून बघा: ऑडिशनच्या तयारीची यादी

कॉन्झर्व्हेटरीची, म्हणजे पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या संस्थेची, ऑडिशन महिन्यावर आली की सगळा जोर कॉन्चेर्टोतल्या (एक वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेतल्या) अवघड पळत्या जागांवर लागतो. लागायलाच हवा. पण माझं मत विचाराल तर समोर बसलेल्यांना तुमचा अंदाज पहिल्या अर्ध्या मिनिटात येतो, आणि नेमकं तेव्हा फ्लूट गार असतो, ओठ सुकलेले असतात, खोली अनोळखी असते. त्या अर्ध्या मिनिटाची तयारी फारच थोडे जण करतात.

सुरुवात मात्र कागदापासून. संस्थेचं माहितीपत्रक दोनदा वाचा आणि मागितलेलं सगळं स्वतःच्या हाताने उतरवून काढा: किती रचना, कोणत्या काळातल्या, पाठ हव्यात की बघून चालतील, स्केल्स (क्रमाने चढत्या-उतरत्या स्वरांच्या ओळी) आहेत का, ऑर्केस्ट्रातले उतारे आहेत का. मोत्सार्टच्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग अनेक ठिकाणी मागतात. तिथे कडेन्झा (साथ थांबवून एकट्याने वाजवायचा भाग) वाजवायचा की नाही हे आधीच विचारून घ्या. रचना निवडायचं स्वातंत्र्य असेल तर पॅरिस कॉन्झर्व्हेटरीच्या परीक्षांसाठी लिहिलेल्या फ्रेंच रचना जरूर बघा. फोरेची फँटसी 1898ची, एनेस्कूची 'कान्ताबिले ए प्रेस्तो' 1904ची. दोन्हींत आधी संथ भाग, मग वेगवान. मुलं वेगवान भाग घोटत बसतात, पण तुमचा सूर कसा आहे हे संथ भागात उघडं पडतं, आणि तो आधी येतो.

स्केल्ससाठी चोवीस चिठ्ठ्या करा, बारा मेजर, बारा मायनर. डब्यात टाका, रोज सहा काढा, निघेल ती लगेच वाजवा. क्रमाने वाजवायची सवय लागली की मधलीच एखादी विचारल्यावर बोटं अडखळतात. साइट रीडिंगचंही, म्हणजे न पाहिलेली रचना बघून लगेच वाजवण्याचंही, तसंच. रोज एक अनोळखी पान घ्यायचं, शार्प-फ्लॅट आणि ताल बघायचा, सर्वांत दाट मात्रा कुठे आहेत ते शोधून त्यावरून वेग ठरवायचा आणि चुकलं तरी थांबायचं नाही.

आता तो पहिला सूर. ऑर्केस्ट्राच्या उताऱ्यांत द्युब्युसीच्या 1894च्या 'फॉन'ची ('प्रेल्यूद आ लाप्रे-मिदी द'अँ फॉन' या ऑर्केस्ट्रा-रचनेची) सुरुवात आली तर कळतं मी काय म्हणतोय. साथीला कोणी नाही, आवाज हळू, आणि सुरुवात मधल्या सी-शार्पवर. या स्वराला उजवी करंगळी सोडली तर सगळी बोटं कळांवरून उचललेली असतात. नळीचा अगदी थोडा भाग वाजतो, त्यामुळे सूर पातळ निघतो आणि वर चढतो. वर धरायलाही फारसं काही उरत नाही: हनुवटी, डाव्या तर्जनीचं मूळ, उजवा अंगठा आणि ती करंगळी. एवढ्यावर फ्लूट स्थिर राहिला नाही तर ओठाखालचं भोक केसभर फिरतं आणि सूर डगमगतो. आरशासमोर उभं राहून फक्त हा एक स्वर दहा-दहा सेकंद धरा, व्हायब्रॅटो (सुराला दिलेला कंप) न लावता.

मग गार सुरुवातीचा सराव. फ्लूट तासभर केसमध्ये ठेवा, काढा, जोडा, आणि ओठ गरम न करता थेट रचनेचं पहिलं वाक्य वाजवा. एकदाच. फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा केसमध्ये ठेवा. पहिले काही दिवस ऐकवणार नाही. गार फ्लूट खाली बोलतो, गरम होत गेला की वर चढतो. आपला किती चढतो हे या रेकॉर्डिंगमधून कळतं. गार असताना हेडजॉइंट (फ्लूटचा फुंकायचा वरचा तुकडा) आत ढकलून पियानोशी जुळवला आणि तसाच विसरलात, तर दुसऱ्या पानावर तुम्ही पियानोच्या वर असाल. बाहेर बसवलेल्या जागी वाजवायला मनाई असेल तर कळा बंद करून, भोकावर पूर्ण ओठ ठेवून नळीत गरम हवा सोडत राहा. आवाज होत नाही, फ्लूट तापतो.

वाद्य दुरुस्तीला न्यायचं तर दोन-तीन आठवडे आधी, आदल्या दिवशी कधीच नको. पॅड (कळांखालच्या मऊ गाद्या) बदलले की बोटांना सवय व्हायला वेळ लागतो. सफाईच्या दांडीवरची खूण भोकाच्या मधोमध दिसते का बघा, म्हणजे हेडजॉइंटच्या आतलं कॉर्क जागेवर आहे. ही खूण दांडीच्या टोकापासून साधारण 17 मिलिमीटरवर असते. खूण सरकलेली दिसली तर स्वतः पिळत बसू नका.

केसमध्ये काय हवं: दांडी, दोन फडकी, पेन्सिल, सिगारेटचे बिनगोंदाचे कागद. कागदाचं कारण सांगतो. मी एकदा ओलं फडकं कळांवरच ठेवून केस बंद केली. दुसऱ्या दिवशी परीक्षेत, संथ भागात, जी-शार्पची कळ उघडली की प्रत्येक वेळी 'चट्'. माझ्या कानाला सुराआधी तेच ऐकू येत होतं. चिकटलेल्या पॅडखाली कागद घालून कळ हलकी दाबायची, सोडायची, आणि पॅड उचलल्यावरच कागद काढायचा. दाबून ओढलात तर पॅडची त्वचा फाटते.

पियानोवादकाला स्वच्छ प्रत द्या, पानं चिकटवून, श्वासाच्या जागा लिहून. संस्थेचाच साथीदार असेल तर सरावाला मिनिटंच मिळतात. तिथे वेगाबद्दल बोलू नका, पहिल्या दोन ओळी हव्या त्या वेगात गुणगुणून दाखवा. मूळ छापील प्रतही सोबत असू द्या.

शरीराचं थोडक्यात: अर्ध्या तासाने फ्लूट खाली ठेवा, डावा खांदा पुढे ओढला जातोय का बघा. पिकोलोचा (छोट्या, उंच आवाजाच्या फ्लूटचा) सराव असेल तर उजव्या कानात इअरप्लग. जे कपडे घालणार ते घालून एकदा पूर्ण कार्यक्रम वाजवा. वाजवण्याआधी गोड काही नको, आणि दात घासून जा.

आत गेल्यावर स्टँड आधी स्वतःच्या उंचीला करा, घाई नको. परीक्षकांनी मध्येच थांबवलं तर वाईट वाटून घेऊ नका, वेळ मोजका असतो आणि चांगलं वाजवणाऱ्यांनाही थांबवतात. बाहेर आल्यावर फोन काढायच्या आधी फ्लूट आतून पुसा, दुसरी फेरी त्याच दिवशी असू शकते. आणि फडकं केसच्या बाहेरच्या खिशात.