मृगाआधी घरातली अडगळ कशी काढावी

दिवाळीत आपण घर सारवतो, पोतारतो, पण अडगळ काही निघत नाही. वेचणीचे दिवस असतात, बाया शेतात. मग या खोलीतलं सामान त्या खोलीत जातं आणि तिथून कोठ्यात. अडगळ खरी निघते ती मे महिन्यात, तूर-कापूस विकून झाल्यावर आणि मृग लागायच्या आधी. ते पंधरा दिवस सोडू नका. मात्र आपल्या विदर्भात तेव्हा पारा ४५च्या वरही जातो, माळ्यावर पत्र्याखाली तर जीव घाबरा होतो. म्हणून काम सकाळी सहा ते नऊ, रोज एकच जागा.

सुरुवात बाहेरून, सांदवाडीपासून करा. आधी आत हात घातला तर बाहेर काढलेलं सामान ठेवायला जागाच उरत नाही. पायात बूट घाला, हातात काठी घ्या. विटांच्या, पऱ्हाटीच्या, जुन्या कवेलूंच्या ढिगात सरळ हात घालू नका. विंचू तिथंच असतो. पडलेला पत्रा उचलताना आपल्याकडची कड धरू नका, पलीकडची कड उचलून पत्रा आपल्या बाजूला उभा करा. खाली जनावर असलंच तर ते पलीकडे निघून जातं आणि मध्ये पत्र्याची आड राहते. चावलंच तर झाडफुकीत वेळ घालवायचा नाही, थेट सरकारी दवाखान्यात जायचं.

कागद : इथं घाई नाही

घरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडाल तेव्हा एक दिवस फक्त कागदांना द्या. हे मी पोळून सांगते आहे. आम्ही सासऱ्यांची पेटी एका सकाळी रिकामी केली. वाळवी लागली होती, वरचे कागद हातात घेताच भुगा होत होते. सगळंच गेलं असेल असं धरून रद्दीत दिलं, तीन किलो भरली. पुढं पुतणीच्या प्रवेशासाठी जात पडताळणी लागली, तेव्हा सासूबाईंना आठवलं, यांच्या वडिलांचा चौथीचा दाखला त्याच पेटीत तळाशी फडक्यात बांधलेला होता. शाळेचं जुनं रजिस्टर सापडून नक्कल मिळेपर्यंत दीड महिना फेऱ्या झाल्या. पोरीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

म्हणून या तारखा पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपापल्या प्रवर्गाच्या तारखेआधीचा, आजा-पणजाच्या नावापुढे जात लिहिलेला कुठलाही सरकारी कागद पडताळणीत मोलाचा असतो. शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, खरेदीखत, काहीही. आपला विदर्भ १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, त्यामुळे जुने कागद हिंदीत, इंग्रजीत, काही मोडीतही सापडतात. वाचता येत नाही म्हणून फेकू नका, गावात कुणी वाचणारं असेल त्याला दाखवा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा. जुनी वीजबिलं, लग्नपत्रिका, औषधांची रिकामी खोकी खुशाल रद्दीत द्या.

कोठ्यातलं औषध

शेतकऱ्याच्या घरातली सगळ्यात धोक्याची अडगळ म्हणजे फवारणीच्या औषधांचे डबे आणि अर्ध्या राहिलेल्या बाटल्या. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. त्या घरांचं दुःख आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, तरी आजही कोठ्यात त्याच डब्यात तुरीचं बियाणं भरून ठेवलेलं दिसतं. कितीही धुतला तरी तो डबा घरात वापरायचा नाही. बियाण्याला नाही, तेलाला नाही, परसाकडे न्यायलाही नाही.

डबा संपला की त्याच वेळी तीनदा पाण्यानं खळाळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग बुडाला खिळ्यानं भोकं पाडा म्हणजे कुणी तो वापरणार नाही. असे डबे विहीर, नाला आणि वस्तीपासून दूर खोल पुरतात. जाळायचे नाहीत, त्याचा धूर विषारी असतो. अर्धी राहिलेली बाटली असेल तर लेबल पाहा. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. मुदत संपलेलं किंवा लेबल निघून गेलेलं औषध अंदाजानं फवारू नका, नालीत ओतू नका. सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारेपर्यंत कुलपात ठेवा. हे काम पोरांना सांगू नका.

कूलर, लोखंड, पितळ

गंजलेला कूलर आपल्याकडे घरोघरी असतो. पावसात त्याच्या टाकीत पाणी साचलं की डेंग्यूचा डास तिथं वाढतो आणि टाकीच्या आतल्या कडेला चिकटलेली त्याची अंडी कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. त्यामुळे टाकी नुसती ओतून भागत नाही, घासावी लागते. चालणारा कूलर असेल तर घासून, वाळवून पालथा घाला. बिघडलेला असेल तर विका, पण अख्खा विकू नका. पंख्याची आणि पाण्याची मोटर आधी सोडवा, त्यात तांब्याची तार असते. पत्र्याच्या भावात तांबं गेलं तर आपलंच नुकसान.

कबाडी दारात येण्याआधी ढीग वेगळे करा. लोखंड, पत्रा, जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी, तांबं, पितळ. घरच्या काट्यावर वजन करून भिंतीवर खडूनं लिहून ठेवा आणि दोघांना भाव विचारा. पितळेचे गुंड, कोपर भंगारात घालू नका, भांड्याच्या दुकानात मोड म्हणून द्या. देण्याआधी काठ पुसून पाहा. आमच्या एका गुंडाचा काठ चिंचेनं घासला तेव्हा बारीक ठिपक्यांनी कोरलेलं सासूबाईंच्या वडिलांचं नाव निघालं. तो गुंड आता देवघराशेजारी आहे, बाकी चार मोडीत गेले.

कपड्यांचं सोपं आहे. सुती लुगडी, धोतरं गोधडीला काढा, टेरिकॉट भांडेवालीला द्या. कुणाला वापरायला द्यायचे असतील तर धुऊन, बटणं लावून द्या. फाटकं दुसऱ्याच्या अंगावर घालू नये.

म्हाताऱ्या माणसांच्या वस्तू

हे सगळ्यात शेवटी आणि त्यांना शेजारी बसवूनच. सासूबाई प्रत्येक वस्तूला म्हणायच्या, "राहू दे वं बाई, कामी पडन." त्यांनी दुष्काळ पाहिलेला, दोरीचा तुकडाही गाठ मारून जपलेला. त्या देवळात गेल्यावर गुपचूप वस्तू काढायची चूक करू नका. ती वस्तू त्या दुसऱ्या दिवशीच शोधतात, आणि मग पुढची पाच वर्षं माळ्याला कुणी हात लावू देत नाही. "फेकू का?" असंही विचारू नका. "कोणाला द्यायची?" असं विचारा.

आमची बैलजोडी विकून आठ वर्षं झाली होती, तरी तिफनीचं चाडं, दोन जू, झुली आणि घुंगरमाळा आढ्याला टांगलेल्या. फेकायचा विषय काढला की त्या उठून जायच्या. कोणाला द्यायच्या विचारल्यावर मात्र अर्ध्या घंट्यात त्यांनीच घरं सांगितली, कुणाकडे अजून जोडी आहे, कुणाची झूल मागच्या साली फाटली. जू एकाकडे गेलं, घुंगरमाळा दुसऱ्याकडे. चाडं त्यांनी स्वतःसाठी ठेवलं, ते राहू दिलं.

पोळ्याच्या दिवशी जोड्या तोरणाखाली जायला निघाल्या तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. गल्लीच्या वळणावरून आवाज आला, बैल अजून दिसायचे होते. "आपली माळ आली पाय," म्हणाल्या, आणि पुरणपोळीचं ताट घेऊन उठल्या.