काळा थर मारण्याआधी: जुन्या गाडीच्या गंजरोधनाची तयारी

जुनी गाडी नव्याने उभी करताना अंडरकोटिंगच्या, म्हणजे तळाला गंजरोधक थर मारण्याच्या, दिवसाची सगळ्यांनाच घाई असते. चार तासांत तळ एकसारखा काळा दिसायला लागतो आणि मोठं काम हातावेगळं झाल्यासारखं वाटतं. पण अशा गाड्यांचा गंज बहुतेक वेळा आतून येतो, म्हणजे सिलच्या (दरवाज्यांखालून जाणाऱ्या पोकळ पट्टीच्या) पोकळीतून, दोन पत्र्यांच्या सांध्यातून, बुजलेल्या निचऱ्याच्या भोकामागे साचलेल्या चिखलातून. बाहेरून कितीही जाड थर मारला तरी तिथे तो पोचत नाही. म्हणून खालच्या यादीत फवारणीपेक्षा सोडवणं, उघडणं आणि वाळवणं यांनाच जास्त जागा दिली आहे.

सुरुवात गाडी उचलण्यापासून. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. चारही बाजूंना स्टँड हवेत, तेही सपाट आणि टणक जमिनीवर. जुन्या गाडीत एक खोच असते. जॅक लावायची ठरलेली जागाच अनेकदा सर्वांत आधी कुजलेली असते, त्यामुळे स्टँड लावण्यापूर्वी तिथला पत्रा ठोकून पाहा आणि शंका असेल तर जाड लाकडी फळी घालून भार पसरवा. सिल कापायची वेळ येणार असेल, तर त्याआधी दरवाज्यांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून आधार द्या आणि दरवाज्यांच्या फटी मोजून लिहून ठेवा. छत नसलेल्या गाडीत तर हे टाळूच नका, कारण सिल निघाली की अशी बॉडी मधोमध बसते. बॅटरीची जोडणी काढा, पेट्रोलची टाकी उतरवून कामाच्या जागेपासून लांब ठेवा. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पेट्रोलची वाफ भरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. अग्निशामक नळकांडं हाताशी असू द्या.

सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेकची केबल, ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या, उष्णतारोधक पत्रे हे सगळं काढता आलं तर उत्तम. काढण्याआधी फोटो काढा आणि नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत घाला. गाडीच्या आतलं कार्पेट आणि आवाज दाबणारे थरही उचला. त्यांच्याखाली पाणी महिनोन् महिने राहतं आणि तळ वरून गंजत जातो. तसं दिसलं, तर काचेचं रबर, काचेखालच्या पन्हळीचे निचरे आणि डिकीची कड आधी तपासा. वरून गळती चालू असताना खालून संरक्षण देणं म्हणजे छप्पर गळत असताना जमीन पुसत बसणं.

आता पाहणी, आणि इथे वेळ घालवायला अजिबात कचरू नका. एक टोच्या, एक छोटी हातोडी आणि जमलं तर नळीसारखा कॅमेरा घ्या. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेला किंवा पुट्टीने भरलेला बद्द वाजतो. चाकांच्या कमानीची आतली कड, स्प्रिंग आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडतात त्या जागा, हेडलाइटमागचा चिखल धरणारा कोपरा, स्टेपनीची खोलगट जागा, दरवाज्यांचा तळ, सिलची दोन्ही टोकं, इथे टोच्या दाबून बघाच. पत्रा पत्र्यावर चढवून स्पॉट वेल्ड केलेला सांधा वेल्डच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये फुगलेला दिसला, तर आत गंज भरलेला आहे हे नक्की. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो पत्रे एकमेकांपासून ढकलतो. असा सांधा उकलल्याशिवाय बरा होत नाही. आतला गंज किती महाग पडतो याचं ठळक उदाहरण लान्चिया बीटा या इटालियन गाडीचं. पुढच्या सबफ्रेमच्या (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटीच्या) जोडाजवळ गंज लागल्यामुळे १९८०मध्ये कंपनीला ब्रिटनमधल्या कित्येक गाड्या मालकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या.

जुना थर खरवडण्याआधी दोन गोष्टी. एक, कारखान्याचा मूळ थर कुठवर होता, काळा होता की बॉडीच्या रंगाचा, याचा पुरावा एखाद्या ब्रॅकेटमागे शिल्लक असतो. मूळ रूप जपायचं असेल तर त्याचा फोटो आताच घ्या. दोन, जुन्या काळच्या काही अंडरकोटिंगमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू आणि जुन्या रंगांत व सांध्यांच्या भरावात शिसं असायचं. थराचा नमुना तपासून घेतल्याशिवाय कोरडं घासू नका, ग्राइंडर तर लावूच नका.

तपासणीत ॲस्बेस्टॉस नाही हे कळलं, की डांबरी थरासाठी हीट गन आणि पातळ खरवडणी ही जोडी सगळ्यांत कामाची. थर मऊ होईपर्यंतच तापवा, धूर निघू लागला की फार झालं. वायर ब्रशबद्दल मात्र मला फारसं प्रेम नाही. तो खड्ड्यांतला गंज काढण्याऐवजी त्याला चकाकी देतो आणि गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर प्रायमर धरत नाही. शिवाय त्याच्या तारा सुटून उडतात, म्हणून पूर्ण चेहरा झाकणारी ढाल लागतेच. ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कणांचा मारा, करणार असाल तर जाड भागांवर करा. सपाट, पातळ पत्रा त्या माऱ्याने लाटेसारखा वाकतो. साधी वाळू वापरू नका, तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. गार्नेटसारखं पर्यायी माध्यम घ्या आणि नंतर पोकळ्यांत अडकलेले कण हवेने झाडून बाहेर काढा.

घासण्याआधी तेल-ग्रीस काढायचं, घासून झाल्यावर नाही. नाहीतर तेच तेल ओरखड्यांत रगडलं जातं. एका फडक्याने द्रावण लावायचं, ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. खड्ड्यांत राहिलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक ॲसिडचं किंवा टॅनिक ॲसिडवर आधारलेलं कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणारं द्रावण, मिळतं. ते पातळ, घट्ट बसलेल्या गंजावरच चालतं. पापुद्र्यांवर ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज सुरूच राहतो. फॉस्फोरिक ॲसिड वापरलं, तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुणं आणि वाळवणं चुकवू नका. ॲसिडचे अवशेष राहिले की त्यावर मारायचा एपॉक्सी प्रायमर सुटतो.

वेल्डिंग या टप्प्यापर्यंत संपलेलं असावं. एकमेकांवर येणाऱ्या पत्र्यांच्या मधल्या बाजूला जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे ज्यावरून वेल्ड करता येतं असा प्रायमर, आधीच लावा. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं आणि ओरखडा पडला तरी आजूबाजूचं लोखंड वाचवतं. पोर्शेने सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर ९११ला जस्तलेपित पत्रा वापरायला सुरुवात केली ती याच गुणासाठी. जस्तावर वेल्ड करताना निघणारा धूर मात्र ताप आणतो, तेव्हा हवा खेळती ठेवा.

उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. दमट हवेत काही तासांत त्यावर तांबूस झाक येते. त्याच दिवशी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर मारता येईल इतकंच क्षेत्र घासा. साधा फिलर प्रायमर सच्छिद्र असतो, तो ओल शोषतो, म्हणून तळासाठी एपॉक्सीच. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअस वर हवं. डोळ्यांना न दिसणारं दव बसलं असलं तरी थर पुढे फोड धरतो. दुसरा हात किती वेळाच्या आत मारायचा हे माहितीपत्रकात असतं. ती मुदत टळली तर पुन्हा घासावं लागतं. पुढे पॉलियुरेथेन रंग येणार असेल, तर हार्डनरमधल्या आयसोसायनेटसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो, साध्या फिल्टरवर विसंबू नका.

सांधे बुजवणारा सीलर एपॉक्सीनंतर, पॉलियुरेथेनचा किंवा एमएस पॉलिमरचा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन गाडीजवळही आणू नका: ते सुकताना ॲसिड सोडतं, पत्रा खातं आणि वरचा रंग धरू देत नाही. निचऱ्याच्या बाजूला सांधा उघडाच ठेवा.

मग थर कोणता? निव्वळ डांबरी थर वर्षांनी कडक होतो, तडकतो आणि त्या फटीतून शिरलेलं पाणी पत्र्याशी दाबून धरतो. चाकांच्या कमानींत खडे सोसण्यासाठी रबरासारखा लवचिक थर द्या. बाकी तळाला मी पारदर्शक मेण पसंत करतो. त्याखाली गंज सुरू झाला तर दिसतो. लॅनोलिनचे (मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचे) द्रवही चांगले, फक्त ते दरवर्षी पुन्हा द्यावे लागतात.

फवारणीआधी झाकायच्या वस्तू: ब्रेकच्या डिस्क, लवचिक होज, ग्रीसचे निपल, केबल, उष्णतारोधक पत्रे, सायलेन्सरच्या जोडण्या. थ्रेडच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवा. चासी नंबर कोरलेल्या जागेवर जाड थर नको, तपासणीला तो वाचता आला पाहिजे.

पोकळ्यांचं मेण सगळ्यांत शेवटी, रंग आणि त्याची भट्टी उरकल्यावर. आधी मारलं तर रंग धरत नाही आणि जवळपास वेल्डिंग करावं लागलं तर पेट घेतं. चहूबाजूंनी फवारणारी लांब नळी सिलमध्ये टोकापर्यंत घालून हळूहळू मागे ओढत या. जादा मेण निचऱ्याच्या भोकांतून ठिबकू लागलं की आत सगळीकडे पोचल्याची खूण मिळते. ठिबक थांबल्यावर प्रत्येक भोकात जाड तार फिरवून ते मोकळं करा, मगच आत शिरायला वापरलेल्या वरच्या भोकांवर रबरी ग्रोमेट (बूच) बसवा. कोणत्या पोकळीत काय आणि कधी मारलं याची नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी मेणावर डांबरी थर चढवायचा मोह होणार नाही.