लिबव्हर्ट रीस्टार्ट करताना गेस्ट का पडतात? या चुका टाळा

केव्हीएम म्हणजे लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय; ती मशीन्स म्हणजे गेस्ट, आणि ती चालवणारा सर्व्हर म्हणजे होस्ट. गेस्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर लिबव्हर्ट, आणि त्याची मागे चालणारी सर्व्हिस (डेमन) लिबव्हर्टडी. अशा होस्टवर ‘लिबव्हर्टडी रीस्टार्ट करू का?’ असं विचारलं की काही जण ‘बिनधास्त कर’ म्हणतात, काही जण मेंटेनन्स विंडो मागतात. तत्त्वतः पहिल्यांचं बरोबर आहे. प्रत्येक गेस्ट म्हणजे क्यूएमूची (गेस्ट प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामची) स्वतंत्र प्रोसेस. लिबव्हर्टडी तिच्याशी फक्त मॉनिटर सॉकेटवरून (क्यूएमूला आज्ञा द्यायच्या वाटेवरून) बोलतो. तो थांबला तरी गेस्ट चालू राहतात, आणि परत आला की रन फोल्डरमधल्या आपल्या स्टेटस फायली वाचून त्याच सॉकेटना जोडून घेतो. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये किलमोड ‘प्रोसेस’ (थांबवताना फक्त मुख्य प्रोसेस मारायची) ठेवलेला असतो तोही याचसाठी. गेस्ट पडतात ते बहुतेक वेळा शेजारच्या सर्व्हिसला धक्का लागल्यामुळे.

चूक पहिली: नावापुढे स्टार लावणे

ही मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. पॅचिंगच्या रात्री सहकाऱ्याने सिस्टमसीटीएलला (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या कमांडला) रीस्टार्टसाठी ‘लिबव्हर्ट’ आणि पुढे स्टार, म्हणजे ‘या नावाने सुरू होणारं सगळं’, असं लिहून दिलं. प्रॉम्प्ट परत येईना. दुसऱ्या खिडकीत ‘व्हर्श लिस्ट’ (चालू गेस्टची यादी देणारी कमांड) चालवली, तर यादीतली नावं एकेक करून कमी होत होती, आणि लिबव्हर्टच्या सेव्ह फोल्डरमध्ये एक फाइल फुगत चालली होती.

स्टारमध्ये ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’ ही सर्व्हिससुद्धा आली होती. होस्ट बंद होताना गेस्ट नीट सांभाळायचे, एवढंच तिचं काम. ती थांबवली की ती प्रत्येक गेस्टची मेमरी डिस्कवर लिहून त्याला झोपवते किंवा सरळ शटडाउन करते; कोणतं, ते तिच्या कॉन्फिग फाइलमधल्या ‘ऑन-शटडाउन’वर ठरतं. ३२ जीबी रॅमचा डेटाबेस गेस्ट असा लिहायला मिनिटं जातात. परत उठल्यावर आतलं घड्याळ मागे आणि कनेक्शन्स तुटलेली. त्या रात्री गेस्ट परत आले, पण ॲप्लिकेशनवाल्यांना पहाटेपर्यंत बसावं लागलं. तेव्हापासून मी युनिटचं पूर्ण नाव टाइप करतो आणि एका वेळी एकच.

‘व्हर्ट’पुढे स्टार लावलात तर आणखी दोघे सापडतात: व्हर्टलॉगडी आणि व्हर्टलॉकडी. क्यूएमूचं आउटपुट ज्या पाइपमधून जातं त्याचं दुसरं टोक व्हर्टलॉगडीच्या हातात असतं. व्हर्टलॉकडी वापरात असेल तर डिस्कची कुलुपं त्याच्याकडे असतात. गेस्ट चालू असताना या दोघांना थांबवू नका. अपडेटनंतर त्यांना रीलोड द्या, म्हणजे उघड्या फायली हातात ठेवूनच ते स्वतःला नव्याने सुरू करतात.

चूक दुसरी: आधी न पाहता रीस्टार्ट

मायग्रेशन (गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवणं), ब्लॉककॉपी (डिस्कची नक्कल) किंवा बॅकअप चालू असेल तर ते अर्ध्यावर सुटू शकतं. व्हर्शच्या ‘डोमजॉबइन्फो’ने आणि डिस्कसाठी ‘ब्लॉकजॉब’ने आधी बघा.

दुसरी तपासणी फार जण करत नाहीत. ज्या गेस्टचा मॉनिटर सॉकेट नाहीसा झालाय, उदाहरणार्थ कुणीतरी ‘साफसफाई’ करताना तो उडवलाय, त्या गेस्टला परत जोडून घेणं जमलं नाही तर लिबव्हर्ट त्याला मारून टाकतो. हे मुद्दाम आहे: हाताबाहेर गेलेला गेस्ट चालू राहिला आणि कुणी तोच पुन्हा सुरू केला तर एकाच डिस्कवर दोन क्यूएमू लिहू लागतील. म्हणून रीस्टार्टआधी ‘व्हर्श लिस्ट’ची यादी जपून ठेवा आणि प्रत्येक गेस्टच्या लिबव्हर्ट फोल्डरमध्ये मॉनिटर सॉकेट जागेवर आहे का ते बघा.

जुन्या आवृत्त्यांत आणखी एक धक्का बसायचा. ऑटोस्टार्टची (आपोआप सुरू व्हायची) खूण असलेला, पण तुम्ही मुद्दाम बंद ठेवलेला गेस्ट डेमन रीस्टार्ट होताच उठायचा.

चूक तिसरी: रिकामी यादी पाहून घाबरणे

रीस्टार्ट झाला, ‘व्हर्श लिस्ट’ दिली, यादी रिकामी. आधी सुडो लावलंय का बघा. साध्या युजरने चालवलेला व्हर्श ‘सेशन’ला (त्या युजरच्या स्वतःच्या लिबव्हर्टला) जोडतो आणि तुमचे गेस्ट ‘सिस्टम’वर (रूटच्या लिबव्हर्टवर) असतात. तरीही रिकामी असेल तर पीएस कमांडने क्यूएमूच्या प्रोसेस शोधा. त्या दिसत असतील तर गेस्ट जिवंत आहेत. त्यांना पुन्हा सुरू करायला जाऊ नका आणि रन फोल्डरमधल्या फायली पुसू नका. क्यूएमू २.१० पासून इमेजवर लॉक लागतं, त्यामुळे दुसरी प्रोसेस बहुधा अडते. ते लॉक जबरदस्तीने चुकवलंत तर फाइलसिस्टमची वाट लागते.

फेडोरा ३५ आणि आरएचईएल ९ या लिनक्स आवृत्त्यांपासून लिबव्हर्टडीची कामं वेगवेगळ्या डेमनमध्ये वाटलेली आहेत. तिथे रीस्टार्ट करायचा तो व्हर्टक्यूएमूडी. जुन्या सवयीने लिबव्हर्टडी सुरू करून दोघांना एकत्र चालवू नका.

नेटवर्क

गेस्टचं नेट अडलं म्हणून व्हर्शला ‘नेट-डिस्ट्रॉय’ आणि मग ‘नेट-स्टार्ट’ देऊ नका. जुना ब्रिज (होस्टमधला आभासी स्विच) जातो, नवा येतो, पण चालू गेस्टचे टॅप (गेस्टच्या नेटवर्क कार्डची होस्टकडची टोकं) त्याला जोडलेले नसतात. गेस्टच्या आतून लिंक चालू दिसते आणि पिंग मात्र जात नाही. नव्या लिबव्हर्टमध्ये अशा वेळी डेमनचा रीस्टार्टच कामी येतो, कारण परत जोडताना तो टॅप योग्य ब्रिजवर आहे का ते तपासतो आणि नसेल तर लावतो. जुन्यात ‘आयपी लिंक’ने प्रत्येक टॅप हाताने ब्रिजला लावावा लागतो.

रीस्टार्टनंतर

आधी जपलेली यादी समोर धरा. प्रत्येक गेस्टचा आयडी तोच आणि क्यूएमूचा पीआयडी तोच असेल तर गेस्टला झळ लागलेली नाही. आयडी बदलला असेल तर तो गेस्ट मध्ये पडून उठलाय, भले तो आता ‘रनिंग’ दिसो.

आणि क्यूएमूचं पॅकेज अपडेट केलं असेल तर डेमनच्या रीस्टार्टने चालू गेस्टना नवं क्यूएमू मिळत नाही. गेस्टच्या आतून रीबूट दिला तरी साधारणपणे प्रोसेस जुनीच राहते. सिक्युरिटी पॅच लागू व्हायचा असेल तर गेस्ट पूर्ण बंद करून सुरू करा, किंवा अपडेट झालेल्या होस्टवर लाइव्ह मायग्रेट करा.