आल्ट-झेड दाबलं आणि ओळ पळाली
गणेशोत्सवाची पत्रिका व्हीएस कोड या प्रोग्रामरांच्या एडिटरमध्ये लिहिणारा इंदूरात बहुधा मी एकटाच! कंट्रोल-झेडऐवजी बोट आल्ट-झेडवर पडलं की वर्ड रॅप (लांब ओळ खिडकीच्या कडेला आपोआप खाली मोडणं) बंद, आणि ओळ राजवाड्यावरून निघते ती थेट विजयनगरला. आधी पुन्हा आल्ट-झेड दाबून ओळ परत आणा. मग हा शॉर्टकटच काढून टाकायला कंट्रोल-के, लगेच कंट्रोल-एस. शॉर्टकटची यादी उघडते. शोधपट्टीतलं कीबोर्डचं चिन्ह दाबा आणि नको असलेली जोडी प्रत्यक्ष दाबून बघा, कुठल्या कमांडला बांधलीय ते दिसतं. त्या ओळीवर राइट-क्लिक करून ‘रिमूव्ह कीबाइंडिंग’.

मराठी टाइप करताना मध्येच इंग्रजी उमटत असेल तर एडिटरला बोल लावू नका, ते बहुतेकदा विंडोजचं डावं आल्ट-शिफ्ट असतं. कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’खाली त्याला ‘नॉट असाइन्ड’ करा.